लोखंड दाखवावं की झाकावं? आयफेल टॉवरला नावं ठेवणारे खरंच मूर्ख होते का?

चाफेकळी (धागाकर्ती)

उपयोजित कलेच्या मुलांना मी कलेचा इतिहास शिकवते. परवा एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसवर तास होता, ओघात ते प्रसिद्ध निषेधपत्र वाचून दाखवलं. १४ फेब्रुवारी १८८७ ला ‘ल ताँ’ या दैनिकात छापून आलेलं. सह्या करणारी मंडळी ऐरीगैरी नव्हेत: ऑपेराचा वास्तुकार शार्ल गार्निए, संगीतकार गुनो, लेखक मोपासाँ, धाकटा अलेक्झांडर द्यूमा, चित्रकार मेसोनिए आणि बुगरो. टॉवर ज्यासाठी बांधायचा होता त्या १८८९ च्या जागतिक प्रदर्शनाच्या बांधकामांचे प्रमुख आल्फाँ यांना उद्देशून लिहिलेल्या या पत्रात टॉवरला निरुपयोगी आणि राक्षसी म्हटलंय, कारखान्याच्या काळ्या अवाढव्य धुराड्याची उपमा दिलीय, आणि व्यापारी अमेरिकासुद्धा जे घेणार नाही ते पॅरिसच्या माथी का, असा टोमणाही मारलाय.

मुलं खो खो हसली. ‘मॅडम, बिचाऱ्यांचा पार पोपट झाला,’ असं एकजण म्हणाला.

मला मात्र त्या लोकांची बाजू कुणीतरी घ्यावी असं वाटतं, म्हणून हा धागा. पत्र छापलं तेव्हा टॉवर उभा नव्हता, पायाची खोदाई सुरू होऊन जेमतेम अडीच आठवडे झाले होते. समोर होती फक्त रेखाटनं आणि एक आकडा, ३०० मीटर. त्या वेळी जगातलं सगळ्यात उंच बांधकाम होतं वॉशिंग्टनचा स्मारकस्तंभ, १६९ मीटर. नोत्रदामचे जुळे मनोरे ६९ मीटर. आपल्या गावाच्या मधोमध देवळाच्या मनोऱ्यांच्या चौपट उंच काहीतरी येणार आणि आपल्याला कोणी विचारलेलं नाही, तर माणूस बोलणारच.

आणि माझ्या मते त्यांची खरी तक्रार उंचीपेक्षा उघड्या लोखंडाची होती. लोखंड तर पॅरिसभर होतं. स्टेशनांत, बाजारांत, खुद्द गार्निएच्या ऑपेरात. पण स्टेशनात ते उघडं चालायचं; प्रतिष्ठेच्या इमारतीत त्याने दगडाच्या आत राहायचं, असा अलिखित नियम होता. टॉवरने तो मोडला.

तर प्रश्न असा: १८८७ मध्ये तुम्ही पॅरिसला असता तर सही केली असती का?

तिरकस

पहिला! मेसोनिएंच्या सहीखाली माझीही धरा. एरवी त्यांच्या पंगतीत बसायचा योग कुठला यायला.

पोलादी_पुरुष

चाफेकळीताई, धागा आवडला, मत अजिबात नाही. फॅब्रिकेशनमध्ये आयुष्य गेलंय, त्यामुळे जरा लांबलचक लिहितो, सहन करा.

आधी एक गोष्ट. टॉवरची मूळ कल्पना आयफेलची नव्हेच. त्याच्या कंपनीतल्या मोरिस केक्लँ आणि एमिल नुगिए या दोन इंजिनिअरांची. जून १८८४ मध्ये केक्लँने पहिलं रेखाटन केलं, खाली फाकलेले चार पाय आणि वर एकत्र आलेले. साहेबांनी सुरुवातीला फारसं मनावर घेतलं नाही. मग स्तेफान सोव्हेस्त्र नावाच्या वास्तुकाराने खाली कमानी वगैरे घालून ते देखणं केलं, तेव्हा साहेबांचं मत बदललं. पेटंट तिघांच्या नावावर झालं आणि पुढे साहेबांनी दोघांचे हक्क विकत घेतले. नोकरी केलेल्या कुणालाही यात नवल वाटायचं कारण नाही.

आता सौंदर्याचं. आयफेलने त्याच दैनिकात उत्तर दिलं होतं. त्याचा मुद्दा साधा होता: इंजिनिअरला टिकाऊपणाबरोबर देखणेपणाची पर्वा नसते असं का धरून चालता? टॉवरला सगळ्यात मोठा धोका वाऱ्याचा. वजनाचा नाही. वर जाताना चारही कडा ज्या वळणाने आत येतात ते वळण वाऱ्याच्या हिशेबातून आलंय. १८७९ च्या डिसेंबरात स्कॉटलंडमधला टे नदीवरचा पूल वादळात आगगाडीसकट कोसळला होता, त्यामुळे वारा हा विषय तेव्हा प्रत्येक पूलवाल्याच्या डोक्यात होता. आयफेलच्या कंपनीने गाराबीचा पूल नुकताच बांधला होता, १६५ मीटरची कमान, खाली ट्रुयेर नदी १२२ मीटरवर. उंच खांब जाळीचे करायचे आणि वाऱ्याला अडवण्याऐवजी वाट द्यायची, हे तंत्र तिथे हाताखालून गेलं होतं. टॉवर म्हणजे पुलाचा खांबच, फक्त त्यावरून गाडी जात नाही.

एक हिशेब मी गंमत म्हणून केला. टॉवरचं लोखंड ७३०० टन. ते सगळं वितळवून पायाच्या १२५ मीटरच्या चौकोनात ओतलं तर थर होईल साधारण ६ सेंटिमीटरचा. तीनशे मीटरच्या वस्तूत एवढंच लोखंड! ह्याला धुराडं म्हणणाऱ्याने धुराडं कधी पाहिलं नसावं.

कामाबद्दल नंतर लिहितो, साइटवरून फोन येतोय.

रंगपेटी

वाचतेय. पोलादीदादा, कामाबद्दल नक्की लिहा.

वाडानाना

पोलादीराव, हिशेब उत्तम. पण हिशेब बरोबर आला म्हणजे वस्तू सुंदर झाली, हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय? बरोबर हिशेबाच्या कुरूप इमारती आमच्या पेठेत गल्लीगल्लीत उभ्या आहेत.

मी सही केली असती. आणि मी एकटा नाही. गांधीजी लंडनला शिकत असताना प्रदर्शन बघायला पॅरिसला गेले होते. टॉवरवर चढले, वर बसून जेवले, आणि पुढे आत्मकथेत स्वच्छ लिहून गेले की त्यात कला म्हणावी असं काही दिसलं नाही, ते प्रदर्शनातलं खेळणं होतं. नोत्रदाम मात्र त्यांच्या मनात राहिलं. दगड कोरणाऱ्याच्या हातात भक्ती होती, असा त्यांचा रोख. माझाही तोच.

तिरकस

नाना, पण जेवायला वर गेलेच ना! सात शिलिंग मोजले होते, तेही त्यांनीच लिहिलंय. त्या काळचे सात शिलिंग!

सीनकाठचा_बंड्या

पॅरिसजवळ राहतो, त्यामुळे या धाग्यावर न लिहिणं म्हणजे पाप.

चाफेकळीताईंनी पत्राबद्दल लिहिलं, पण सरकारचं उत्तर राहिलं. तेव्हाचे व्यापारमंत्री लोक्रुआ यांनी आल्फाँना लिहिलं की हे निषेधपत्र जपून ठेवा आणि प्रदर्शनात काचेच्या कपाटात मांडा, इतकं सुंदर गद्य बघायला लोक गर्दी करतील. आणि शाँ द मार्स या ‘अतुलनीय वाळूच्या चौकोना’चं रक्षण केल्याबद्दल कवींचे आभारही मानले. ते मैदान तेव्हा कवायतीचं होतं, वर धूळच धूळ. पुणेरी पाट्यांना मागे टाकील असा माणूस.

मोपासाँचा किस्सा कोणीतरी टाकणारच, म्हणून मीच टाकतो: म्हणे तो रोज टॉवरवरच्याच हॉटेलात जेवायचा, कारण पॅरिसमध्ये टॉवर न दिसणारी तेवढी एकच जागा. किस्सा झकास आहे, पण नंतर रचलेला वाटतो. त्याने स्वतः लिहून ठेवलंय ते उलट आहे, टॉवरला कंटाळून आपण पॅरिस आणि फ्रान्सही सोडलं, असं.

आणि नाना, एक टाचणी लावतो, रागावू नका. नोत्रदामचा जो निमुळता कळस २०१९ च्या आगीत पडला तो भक्तीने भारलेल्या मध्ययुगीन कारागिरांचा नव्हता. तो व्हियोले-ल-द्यूक नावाच्या वास्तुकाराने १८५९ मध्ये पुरा केला, म्हणजे टॉवरच्या फक्त तीस वर्षं आधी. कठड्यावर गालाला हात लावून बसलेली ती भुतं ज्यांचे फोटो सगळे काढतात, तीही त्याचीच. कळसाच्या पायथ्याशी तांब्याचे प्रेषित होते, त्यांतल्या संत थॉमसला त्याने स्वतःचा चेहरा दिला. बाकीचे शहराकडे बघतात, हे महाशय वळून आपल्याच कळसाकडे! ते पुतळे डागडुजीसाठी आगीच्या चारच दिवस आधी खाली उतरवले होते, म्हणून वाचले.

वाडानाना

बंड्या, टाचणी लागली. पण त्याने कळस ओक लाकडाचा आणि शिशाच्या पत्र्याचा केला, शेजारच्या इमारतीशी बोलणारा केला. लोखंडाचा नाही केला. माझा मुद्दा मजबूत झाला की तुझा, हे तूच ठरव.

रंगपेटी

मला सह्यांच्या यादीबद्दल बोलायचंय. ‘कलाकारांनी विरोध केला’ असं सगळे म्हणतात, पण कुठल्या कलाकारांनी? मेसोनिए, बुगरो, बोना. हे सगळे सलोंचे, म्हणजे सरकारी चित्रप्रदर्शनांचे, मानकरी, पदकवाले. ज्यांची चित्रं आज आपण बघायला जातो त्यांतलं त्या यादीत कोण आहे?

मोनेला लोखंडाचं वावडं नव्हतं. १८७७ मध्ये त्याने साँ-लाझार स्टेशनाची डझनभर चित्रं केली. वर लोखंडी-काचेचं छप्पर, खाली इंजिनाची वाफ, आणि वाफेतून आलेला निळसर उजेड. कायबोतने त्याच स्टेशनाजवळचा युरोप पूल रंगवलाय, फुल्या-फुल्यांचे ते जाडजूड गर्डर चित्राचा अर्धा भाग व्यापतात. तेव्हा ‘कला विरुद्ध लोखंड’ असा सामना नव्हताच. जुनी कला आणि नवी कला यांचा तो सामना होता, आणि टॉवर मधे सापडला.

आणि टॉवर पुरा व्हायच्या आधीच सरा या चित्रकाराने तो रंगवला, १८८९ मध्ये. चित्र अगदी छोटं आहे, टॉवरचा शेंडा वर आकाशात विरघळल्यासारखा. ठिपक्याठिपक्यांनी रंगवलेला टॉवर, म्हणजे रिव्हेट (लोखंडी भाग जोडायच्या खिळ्या) मारल्यासारखेच ठिपके! सरा ज्या रंगशास्त्रावर उभा होता त्यातला मोठा वाटा शेव्हरल या रसायनशास्त्रज्ञाचा. गोबलँच्या राजेशाही विणकाम कारखान्यात रंगाई विभाग त्याच्याकडे होता. काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार आली, तेव्हा त्याने शोधलं की दोष रंगाचा नाही, शेजारच्या रंगाचा आहे. शेजारी शेजारी ठेवलेले दोन रंग एकमेकांना बदलतात. आमच्या सगळ्या धंद्याचा पाया तो.

गणिती

रंगपेटी, यात भर: त्याच शेव्हरलचं नाव टॉवरवर आहे. पहिल्या मजल्याच्या खाली चारही बाजूंनी ७२ शास्त्रज्ञ-इंजिनिअरांची नावं कोरलीत: फूरिए, लाप्लास, कोशी, आम्पेर, फूको वगैरे. बहुतेक सगळे दिवंगत; हयात असताना नाव लागलेल्यांत शेव्हरल एक. टॉवर ३१ मार्च १८८९ ला पुरा झाला आणि हा गृहस्थ ९ एप्रिलला गेला, वयाच्या १०२ व्या वर्षी. जन्म १७८६ चा, म्हणजे राज्यक्रांतीच्याही आधीचा.

पण त्या ७२ मध्ये सोफी जेर्में ही गणितज्ञ नाही. स्थितिस्थापकतेवर तिने मूलभूत काम केलं, अकादमीचं बक्षीस मिळवलं. लोखंड वाकतं कसं आणि परत जागेवर येतं कसं, हे ज्या शास्त्रावर उभं आहे त्या शास्त्रातलं नाव लोखंडाच्या टॉवरवर नाही. ७२ पैकी बाई एकही नाही.

शेवंता

गणिती, धन्यवाद. कलाकारांच्या यादीबद्दल इतका खल चाललाय, ह्या यादीबद्दल कुणीतरी बोललं.

गिरगावकर

अवांतर आहे, पण मुंबईचा धागा जुळतो म्हणून लिहितोच.

सुएझचा कालवा १८६९ मध्ये उघडला, लेसेप्स या फ्रेंच माणसाच्या पुढाकाराने. त्यानंतर मुंबईचा माल युरोपला न्यायला आफ्रिकेला वळसा घालायची गरज उरली नाही, आणि मुंबई बंदराचं नशीब पालटलं. त्याच सुमारास बार्थोल्दी नावाचा शिल्पकार इजिप्तच्या खेदिवाकडे, म्हणजे तिथल्या राज्यकर्त्याकडे, एक योजना घेऊन गेला होता: कालव्याच्या तोंडाशी हातात दिवा घेतलेली प्रचंड बाई, आशियाला प्रकाश देणारी, आणि दीपगृह म्हणूनही उपयोगी. खेदिवाने नकार दिला. पुढे याच बार्थोल्दीने न्यूयॉर्कची स्वातंत्र्यदेवता केली. बार्थोल्दी स्वतः म्हणायचा की दोन्हींचा संबंध नाही. रेखाटनं बघितली तर तुम्हीच ठरवा. खेदिव हो म्हणाला असता तर बोटीने विलायतेला निघालेल्या आपल्या पणजोबांना ती बाई सुएझलाच भेटली असती.

दुसरं, लोखंडी सांगाड्याचं म्हणाल तर काळा घोड्याला वॉटसन हॉटेल अजून तग धरून आहे. त्याचं लोखंड मात्र इंग्लंडहून आलेलं. फ्रेंच संबंध एवढाच की ७ जुलै १८९६ ला ल्युमिएर बंधूंचं ‘सिनेमॅटोग्राफ’ हिंदुस्थानात पहिल्यांदा दाखवलं गेलं ते तिथेच.

तिरकस

धागा पॅरिसहून निघाला, सुएझमार्गे काळा घोड्याला लागला. संध्याकाळपर्यंत डोंबिवली फास्ट पकडणार.

पोलादी_पुरुष

गिरगावकर, स्वातंत्र्यदेवतेचं नाव काढलंत म्हणून थांबवत नाही. धाग्याचा प्रश्नच तिच्या पोटात आहे! बाहेरून तांब्याचा पत्रा, जाडी जेमतेम अडीच मिलिमीटर, आणि आत लोखंडाचा सांगाडा. म्हणजे झाकलेलं लोखंड. सांगाड्याचं काम आधी बंड्याने सांगितलेल्या त्याच व्हियोले-ल-द्यूककडे होतं. तो १८७९ मध्ये वारला, मग काम आयफेलकडे आलं आणि हिशेब पुन्हा केक्लँनेच केला. मधोमध लोखंडी खांब, त्यातून बाहेर लवचीक पट्ट्या, आणि पत्रा त्या पट्ट्यांवर थोडा सरकू शकेल असा बसवलेला. तांबं उन्हाने फुगतं, वाऱ्याने हलतं, त्याला मोकळीक हवी.

आता गोम. तांबं आणि लोखंड खाऱ्या हवेत एकमेकांना टेकले की लोखंड गंजतं, जवळजवळ बॅटरीच तयार होते. आयफेलला हे ठाऊक होतं, त्याने मधे लाखेत भिजवलेलं अ‍ॅस्बेस्टॉस घातलं. कालांतराने ते झिजलं, पट्ट्या गंजून फुगल्या आणि पत्र्यातले रिव्हेट ओढून काढू लागल्या. १९८६ च्या शताब्दीआधी त्या पट्ट्या काढून स्टेनलेस स्टीलच्या घालाव्या लागल्या. उघड्या टॉवरला मात्र रंग मारला की झालं. कुठे गंज धरलाय ते डोळ्यांना दिसतं. माझ्या मते लोखंड उघडं ठेवण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच, सौंदर्यबिंदर्य नंतर.

कामाबद्दल सांगायचं राहिलं होतं. लव्हाल्वा-पेरेच्या कारखान्यात १८,०३८ भाग तयार झाले, भोकं तिथेच पाडली, मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शापर्यंत नेमकी. साइटवर एखादा भाग बसला नाही तर तिथे कापाकापी नाही, परत कारखान्यात. एकूण रिव्हेट पंचवीस लाख. चौघांची टोळी: एकजण भट्टीवर तापवणार, दुसरा मागून धरून ठेवणार, तिसरा डोकं घडवणार, चौथा घण मारणार. तापलेला रिव्हेट थंड होताना आकसतो आणि दोन पत्र्यांना आवळून धरतो.

आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट: चारही पाय तिरपे, स्वतंत्रपणे वर चढवत आणले आणि पहिल्या मजल्याच्या आडव्या गर्डरांना जोडले. पन्नासेक मीटरवर थोडासुद्धा फरक चालणार नाही. म्हणून पायांखाली हायड्रॉलिक जॅक आणि मचाणांवर वाळूने भरलेल्या पेट्या. पाय वर घ्यायचा तर जॅक, खाली घ्यायचा तर पेटीचं बूच काढून वाळू सोडायची. डिसेंबर १८८७ मध्ये सांधा जुळला. पत्र लिहिणाऱ्यांपैकी कुणी त्या दिवशी मैदानात जाऊन उभं राहायला हवं होतं.

कोकणकन्या

वाळू सोडून टॉवर खाली घेतला, हे वाचून अंगावर काटा आला. पोलादीदादा, वेगळा धागा काढाच.

चाफेकळी (धागाकर्ती)

केवढं लिहिलंत सगळ्यांनी! पोलादीदादांना उत्तर देते, पण आधी गार्निएबद्दल, कारण तो या गोष्टीत खलनायक ठरतो आणि ते बरोबर नाही.

ऑपेराची स्पर्धा त्याने जिंकली तेव्हा तो पस्तिशीचा होता, नावही फारसं कुणाला माहीत नव्हतं. स्पर्धकांत व्हियोले-ल-द्यूकही होता आणि तो हरला. महाराणी यूजेनीने आराखडा बघून नाक मुरडलं, ही कसली शैली, ना ग्रीक ना चौदाव्या लुईची. गार्निए म्हणाला, ‘ही तिसऱ्या नेपोलियनची शैली.’ असा हजरजबाबी माणूस. खोदाईत पाणी लागलं, महिनोन्‌महिने उपसत बसावं लागलं, शेवटी तळाशी टाकीच बांधली. १८७५ मध्ये इमारत उघडली तोवर तिसऱ्या नेपोलियनचं राज्य जाऊन तो वारलाही होता. त्या संगमरवर-सोन्याच्या आत लोखंडाचा सांगाडा आहे. दिसत मात्र कुठेच नाही.

आणि ही गंमत बघा. नीसच्या वेधशाळेत गार्निए वास्तुकार आणि मोठा घुमट आयफेलचा. सुमारे चोवीस मीटर व्यासाचा, वजन... नाही, त्यात शिरत नाही, पोलादीदादा पकडतील. घुमट कड्याच्या आकाराच्या हौदात तरंगता ठेवला होता, पाण्यात मीठ घातलेलं म्हणजे थंडीत गोठू नये. हाताने फिरायचा. हे काम त्याच ऐंशीच्या दशकातलं! म्हणजे सही करणारा गार्निए आयफेलला नुसता ओळखत नव्हता, दोघांनी एकत्र काम केलं होतं. तिथे खाली दगड गार्निएचा, वर लोखंड आयफेलचं आणि भांडण नाही. टॉवरमध्ये दगडवाल्याला जागाच नव्हती. त्याच्या सहीमागे सौंदर्यदृष्टी किती आणि पोटातली भीती किती, हा प्रश्न मला पडतो. दोन्ही असेल.

नानांसाठी मात्र माझ्याकडे एक वेगळं उदाहरण आहे: आंरी लाब्रुस्तचं साँत-जनव्हिएव्ह वाचनालय, १८५१ मध्ये खुलं झालेलं. बाहेर शांत दगड, त्यावर ८१० लेखकांची नावं कोरलेली. आत वाचनकक्षात लोखंडाचे सडपातळ खांब आणि नक्षीदार लोखंडी कमानी, अगदी उघड्या. प्रतिष्ठेच्या इमारतीत लोखंड असं उजळ माथ्याने टॉवरच्या जवळजवळ चाळीस वर्षं आधी आलं होतं, पण घराच्या आत. नाना, तुम्हाला ते आवडेल.

वाडानाना

फोटो बघितले. आवडलं, मान्य. खांब बारीक असल्याने डोक्यावर छप्पर तरंगल्यासारखं वाटतं. हे वाचायला बसलेल्या माणसाचा विचार करून केलेलं काम आहे.

आता पोलादीरावांना एक प्रश्न. टॉवरच्या चार पायांमधल्या त्या मोठ्या कमानी, ज्या सगळ्यांच्या डोळ्यांत भरतात, त्या किती भार घेतात?

पोलादी_पुरुष

नाना, तुम्हाला उत्तर माहीत आहे म्हणूनच विचारताय! काहीच नाही. त्या सोव्हेस्त्रच्या. शोभेच्या. टॉवरला त्यांची गरज नाही, बघणाऱ्याला आधार वाटावा म्हणून आहेत.

वाडानाना

झालं की मग. हिशेबातून सौंदर्य येतं म्हणणाऱ्यांनीच लोकांना बरं वाटावं म्हणून नक्षी डकवली. म्हणजे सह्या करणाऱ्यांना जी शंका होती ती खुद्द कंपनीलाही होती.

सीनकाठचा_बंड्या

नाना, षटकार. त्यात भर घालतो: पहिल्या मजल्यावर आधी आणखी बरीच सजावट होती, ती १९३७ च्या प्रदर्शनाच्या वेळी काढून टाकली. म्हणजे आज दिसतो तो टॉवर १८८९ च्या मानाने कमी नटलेला आहे. रंगही बदलत आलाय. सुरुवातीला तांबूस, आणि १८९९ मध्ये खालून वर फिकट होत जाणारा पिवळा. पिवळ्या टॉवरची कल्पना करा.

आणि ‘उघडं लोखंड जिंकलं’ असं समजू नका हं. १८८९ च्याच प्रदर्शनात यंत्रांचा महाल होता, मधे एकही खांब नसलेला, कमान ११० मीटरच्या वर. कित्येकांना टॉवरपेक्षा तोच भारी वाटला. १९१० मध्ये पाडला. ले आल हा बाल्तारचा लोखंडी बाजार, ज्यासाठी तिसऱ्या नेपोलियनने ‘मला छत्र्या हव्यात, बाकी काही नको’ असं सांगितलं होतं, तो १९७० च्या दशकात पाडला. एक मंडप तेवढा नोजाँला हलवून वाचवला. टॉवरचीही परवानगी वीसच वर्षांची होती. तो वाचला बिनतारी संदेशामुळे. आयफेलने स्वतः खर्च करून लष्कराला वर अँटेना लावायला बोलावलं, आणि सरकारला तो पाडणं परवडेना.

आणि १९०० मध्ये, म्हणजे टॉवरनंतर अकरा वर्षांनी, लुव्हरच्या समोर ओर्से स्टेशन बांधलं. त्यात १२,००० टन धातू, टॉवरपेक्षाही जास्त! आणि बाहेरून? संपूर्ण दगडी दर्शनी भिंत, पुतळे, घड्याळं. समोर लुव्हर, त्याच्यापुढे लोखंड कसं दाखवायचं. ताईंचा ‘अलिखित नियम’ टॉवरने मोडला म्हणता, तो लगेच पुन्हा लागू झाला. आज त्याचं संग्रहालय झालंय, तिथे रंगपेटीच्या मोने-सराची मंडळी टांगलेली आहेत, झाकलेल्या लोखंडाच्या पोटात.

रंगपेटी

बंड्या, हे शेवटचं वाक्य मी चोरणार आहे.

मी_नवीन

नमस्कार, इथे पहिलाच प्रतिसाद. मे महिन्यात सासू-सासऱ्यांना घेऊन पॅरिसला जातोय. दोघांचे गुडघे दुखतात. टॉवर वर जाऊन बघावा की खालून पुरे?

तिरकस

मालक, सह्यांचं पत्र सोबत ठेवा. वर जाऊन पसंत पडला नाही तर दोघांना तिथेच सही करता येईल.

चाफेकळी (धागाकर्ती)

आज वर्गात हाच प्रश्न पुन्हा टाकला, पण तुमचे मुद्दे आधी फळ्यावर मांडून. कमानी शोभेच्या आहेत हे कळल्यावर बरीच मुलं पेचात पडली. एक मुलगी म्हणाली, ‘मॅडम, आमच्या खिडकीसमोर मेट्रोचे खांब आले तेव्हा घरी सगळ्यांनी हेच शब्द वापरले होते. राक्षसी आणि निरुपयोगी. आता मी त्याच मेट्रोने येते आणि खांब अजूनही कुरूपच आहेत.’ पोपट झाला म्हणणारा मुलगा गप्प बसला. शेवटी हात वर करायला सांगितलं तर साधारण निम्म्यांनी सही केली असती.

मी स्वतः? पत्रातली भाषा मला पटत नाही, नुसता आरडाओरडा आहे. पण कुणी विचारलं असतं की शहराच्या मधोमध एवढी वस्तू उभी करण्याआधी शहरात राहणाऱ्यांना बोलायचा हक्क आहे का, तर त्या कागदावर सही केली असती. रंगपेटीचा मुद्दा मात्र मान्य: सह्या करणारे म्हणजे सगळी कला नव्हे.

पोलादी_पुरुष

ताई, मी नाही करणार. पण सोव्हेस्त्रच्या कमानी कापून टाका असंही म्हणणार नाही. इतकी वर्षं बघून सवय झालीय.

वाडानाना

मी करणार. आणि मग वाळूच्या पेट्या बघायला मैदानात जाऊन उभा राहणार, ते पोलादीरावांनी इतकं छान लिहिलंय.

सीनकाठचा_बंड्या

मी_नवीन, गुडघे दुखत असतील तर जिन्याच्या नादी लागू नका, दुसऱ्या मजल्यापर्यंत ६७४ पायऱ्या आहेत. लिफ्टचं तिकीट बरंच आधी ऑनलाइन काढा, मे महिन्यात आयत्या वेळी रांगेत उभं राहावं लागेल. दुसरा मजला पुरे, तिथून शहर ओळखू येतं. शेंड्यावरून सगळं नकाशासारखं होतं. वर गेल्यावर सासऱ्यांना पूर्व-आग्नेयेकडे सोनेरी घुमट दाखवा, तो इन्व्हालिद. खालून फोटोच काढायचा असेल तर नदीपलीकडे त्रोकादेरोला सकाळी लवकर जा, दहानंतर माणसांचीच डोकी येतात. पाकीट पुढच्या खिशात ठेवा.